फरदड बंद करायला गावातले पाच जण निवडायचेत. सल्ल्याच्या जाळ्यातून कसे निवडू?

पांदण_रस्ता

नमस्कार मंडळी. कळंब तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात कापूस पेरणारी १४८ घरं आहेत. गुलाबी बोंडअळीसाठी गाव मिळून दोन कामं करायची आहेत: कामगंध सापळे लावून पतंग मोजणं, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं वाढीव पीक) बंद करणं. प्रशिक्षणाला पाचच जण नेता येतील. दरवेळी जातात तेच पाच यावेळी नकोत, म्हणून घरोघरी एकच प्रश्न विचारला: "कपाशीवर कीड-रोग आला तर सल्ला कोणाला विचारता? जास्तीत जास्त पाच नावं सांगा." विचारणाऱ्या घराकडून सल्ला देणाऱ्या घराकडे बाण, असं सगळं एक्सेलमध्ये भरून गेफीत (जाळं काढून मोजणारं सॉफ्टवेअर) टाकलं.

एकूण ६११ बाण झाले. त्यातले ८३ गावाबाहेर जातात (सोयरे, तालुक्याची दुकानं, कंपनीचे प्रतिनिधी), म्हणजे गावातल्या गावात ५२८. नऊ घरं अशी की गावातलं एकही नाव त्यांनी घेतलं नाही, आणि त्यांचंही नाव कोणी घेतलं नाही.

अडलंय ते असं:

१. गावातल्या कृषी केंद्रवाल्याकडे ६४ बाण येतात. त्याच्यानंतरचा २२ वर, मग १९, १७. पण केंद्रवाल्याचं बिटवीननेस (इतरांमधला दुवा म्हणून तो किती येतो त्याचं माप) शून्य दाखवतंय. हे कसं?

२. बिटवीननेसमध्ये पहिला आलेल्या माणसाकडे फक्त सहा बाण आहेत. गावात त्याला कोणी मोठा जाणता समजत नाही. त्याला घ्यायचं का?

३. डिग्री (थेट बाण किती), बिटवीननेस, आयगेनव्हेक्टर आणि पेजरँक (विचारणारे स्वतः किती महत्त्वाचे तेही धरणारी मापं), प्रत्येक माप वेगळेच पाच देतं. कोणतं धरू?

४. गावाचे व्हॉट्सअॅप ग्रुपही आहेत. त्यातले सभासद एकमेकांना जोडून टाकू का?

शिरोबिंदू_अकोला

माप कोणतं ते नंतर ठरवू. तुमचा दुसरा प्रश्न वाचून आधी यादीवरच शंका येते.

ज्याच्याकडे सहाच बाण आहेत असा माणूस बिटवीननेसमध्ये पहिला येतो याची दोन कारणं संभवतात. एक, तो खरोखर दोन मोहल्ल्यांमधला दुवा आहे. दोन, ती एका नावाची दोन माणसं आहेत आणि तुम्ही त्यांचा एक बिंदू करून ठेवलाय. एक नाव-आडनाव या पुऱ्यात, तेच त्या पुऱ्यात. एक्सेलला दोघं सारखेच. मग एका मोहल्ल्यातून त्या बिंदूत बाण येतो, दुसऱ्या मोहल्ल्यात बाहेर पडतो, आणि गावात नसलेला पूल कागदावर उभा राहतो. बिटवीननेस १९७७ साली लिंटन फ्रीमनने मांडलं ते याच मोजणीवर: इतर कोणत्याही दोघांमधले सर्वांत जवळचे रस्ते या बिंदूतून किती जातात. खोटा पूल एकच असला तरी अर्ध्या गावाचे रस्ते त्याच्यावरून वळतात. डिग्रीला अशा चुकीने फारसा धक्का लागत नाही. बिटवीननेस पार बिघडतं.

उलटी चूकही बघा. एकाच माणसाला कोणी 'दादाजी' म्हणतं, कोणी आडनावाने, कोणी 'सोसायटीवाले' म्हणतं. त्याचे २२ बाण तीन बिंदूंत वाटले जातात आणि तो यादीतून गायब होतो.

उपाय एकच: नाव हा ओळखक्रमांक म्हणून वापरू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधला घर क्रमांक घ्या. एका घरात दोन चुली असतील तर १७अ, १७ब. उत्तर लिहून घेतानाच "कोणते? कुठं राहतात?" विचारून क्रमांक टाकायचा, नंतर ऑफिसात बसून अंदाजाने नाही.

फाईल करताना:

पहिल्या ओळीत सोर्स आणि टार्गेट ही दोन शीर्षकं इंग्रजीत आणि अचूक स्पेलिंगने हवीत, नाहीतर गेफी ओळखत नाही. प्रकार 'डायरेक्टेड' निवडा. देवनागरी नावं ठेवायची असतील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारातच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात. एकच बाण दोनदा टाइप झाला तर गेफी त्याला दोन वजनाचा करू शकतं, म्हणून आधी एक्सेलमध्ये 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवा.

मग पडताळणी. येणाऱ्या बाणांची बेरीज, जाणाऱ्या बाणांची बेरीज आणि एकूण बाण, तिन्ही ५२८ यायला हवेत. कोणाकडूनही पाचाहून जास्त बाण निघता कामा नयेत. १४८ घरांत जास्तीत जास्त १४८ × १४७ = २१,७५६ बाण शक्य आहेत, म्हणजे तुमचं जाळं २.४ टक्के भरलेलं. दर घरामागे गावातली ३.६ नावं, बाहेरची धरून ४.१. पाचाची मर्यादा होती आणि बाहेरची धरूनही सरासरी त्याच्या खाली राहिली, म्हणजे ती मर्यादा फार जणांना आड आली नसावी. सरासरी ४.८ आली असती तर लोकांकडे सांगायला आणखी नावं होती आणि तुम्हीच ती तोडलीत, असं म्हणावं लागलं असतं.

आता पहिला प्रश्न. केंद्रवाल्याचं शून्य बरोबर आहे. रस्ता बिंदूतून *जायचा* तर एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर पडायला हवा. त्याच्याकडे ६४ बाण येतात, पण त्याने नावं घेतली असतील ती कंपनीच्या माणसांची, गावाबाहेरची. गावात एकही बाण त्याच्यापासून निघत नाही, म्हणून एकही रस्ता त्याच्यातून पुढे जात नाही. याचा अर्थ तो महत्त्वाचा नाही असा काढू नका.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात: आयगेनव्हेक्टर इथे वापरू नका. बाण एकाच दिशेचे असले की ज्याला फक्त 'कोणीच न विचारलेली' माणसं विचारतात त्याचा आकडा शून्याकडे जातो, भले अशी वीस माणसं त्याला विचारत असोत. पेजरँक प्रत्येकाला थोडा हिस्सा आधीच देऊन ही अडचण काढतं (नेहमीचा गुणांक ०.८५). तुमचे बाण विचारणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे आहेत, तेव्हा पेजरँक आहे त्याच दिशेने चालवा. पण "या माणसाने सांगितलेलं किती घरांपर्यंत पोचेल" हे मोजायचं असेल तर बाण आधी उलटे करा, कारण सल्ला बाणाच्या विरुद्ध दिशेने वाहतो. निम्मी मंडळी इथेच घसरतात. नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीतलं क्लोजनेस (बाकीच्यांपासून किती जवळ याचं माप) मात्र बिंदूपर्यंत *येणारं* अंतर मोजतं, म्हणजे तुमच्यासाठी बाण न उलटता बरोबर आहे.

आणि केंद्रवाल्याला निवडीतून वगळा. फरदड बंद झाली की उशिरा होणाऱ्या फवारण्यांची विक्री जाते. त्यानेच ती बंद करायला सांगावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आलेख_अमरावती

वरचं पटलं, केंद्रवाल्याबद्दल फक्त एक भर. त्याला पाचांत घेऊ नका, पण जाळ्यातून पुसू नका. हिशेब दोनदा करा, एकदा त्याच्यासह आणि एकदा त्याच्याशिवाय. त्याला काढल्यावर गावाचे तुकडे पडत असतील तर त्या तुकड्यांना दुसरा आधारच नाही हे कळतं, आणि तुमच्या पाचांतला निदान एक जण तिथला हवा. शिवाय त्या ६४ बाणांत उधारीचे किती, हेही विचारून घ्या. ज्याच्याकडून उधारीवर औषध घेतो त्याचंच ऐकावं लागतं. ती जोडणी विश्वासाची असेलच असं नाही.

आता निवड. डिग्रीच्या यादीतले वरचे पाच उचलणं ही सगळ्यात सर्रास होणारी गफलत, कारण वरचे लोक बऱ्याचदा एकाच गोटातले असतात. समजा क ला २२ घरं विचारतात, ख ला १९, ग ला ११. ख च्या १९ पैकी १५ घरं क ला विचारणारीच आहेत, ग च्या ११ पैकी एकच. क आणि ख मिळून २६ घरं. क आणि ग मिळून ३२. यादीत ग पार खाली आहे, तरी दुसरा माणूस तोच हवा. म्हणून एकेक करून निवडा: पहिला सगळ्यात मोठा, आणि पुढचा प्रत्येक जण *नवी* घरं किती आणतो ते बघून. बातमी नुसती पसरवायची असेल तर ही हावरी पद्धत उत्तमोत्तम निवडीच्या निदान ६३ टक्के तरी पोच देते, हे केम्प, क्लाइनबर्ग आणि टार्डोस यांनी २००३ मध्ये दाखवलं. सगळे पंचक तपासणं शक्यच नाही. १४८ मधून पाच निवडायचे ५५ कोटी २६ लाखांहून जास्त प्रकार होतात.

पण तुमच्या गावात दोन कामं आहेत आणि ती एका जातीची नाहीत. खरी मेख इथे आहे.

सापळ्याची गोष्ट ही *माहिती* आहे. हेक्टरी पाच सापळे, सलग तीन दिवस रोज सापळ्यामागे आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार. हे एकाने एकदा सांगितलं तरी पुरतं. अशी गोष्ट दुव्याच्या माणसांमार्फत भरभर पसरते. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये कच्च्या ओळखींचं जे बळ दाखवलं ते इथे कामाला येतं.

फरदड मोडणं ही *कृती* आहे, तीही पदरचं सोडायला लावणारी. जानेवारी-फेब्रुवारीत एक-दोन वेचण्यांचा कापूस हाताशी दिसतोय आणि तो उपटून टाकायचा. अळी बोंडाच्या आत असते, फवारा तिथे पोचत नाही, आणि फरदडीवर तिला पुढच्या पिढीसाठी खायला मिळत राहतं, हे सगळं शेतकऱ्याला ठाऊक असतं. तरी तो थांबतो, कारण शेजाऱ्याने ठेवली तर आपण उपटून उपयोग काय? इथे एकाचं सांगणं पुरत नाही. ओळखीतले दोघं-तिघं करताना दिसावे लागतात. आयोवातल्या शेतकऱ्यांनी संकरित मका कसा उचलला याचा रायन आणि ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास (दोन वस्त्या, २५९ शेतकरी) हेच सांगतो: खबर बियाणं विकणाऱ्यांकडून आली, पेरायचं ठरलं ते शेजाऱ्यांकडे बघून. मलावीत २०० गावांत खड्डा पद्धतीच्या पेरणीवर गावोगाव दोन 'बीज शेतकरी' निवडून प्रयोग झाला (२०२१ ला छापून आला). त्यातही अनेकांना एकाहून जास्त माणसांकडून कळल्याशिवाय त्यांनी ती पद्धत घेतली नाही असंच निघालं.

म्हणून पाच जण पाच मोहल्ल्यांत एकेक असे शिंपडू नका. सरपंचांना ते न्याय्य वाटेल, पण फरदडीसाठी पाची वाया जातील: प्रत्येक मोहल्ल्यात एकच आवाज, आणि एकाचं कोणी ऐकत नाही. एका गोटात दोघे, दुसऱ्यात दोघे, आणि पाचवा असा की ज्याला दोन्हीकडची घरं विचारतात.

ते काढायची रीत:

१४८ × १४८ चा तक्ता करा. ओळ म्हणजे विचारणारं घर, स्तंभ म्हणजे सांगणारं. बाण असेल तिथे १, नसेल तिथे ०. रिकामं ठेवू नका. बाजूला 'स्थिती' नावाचा स्तंभ, निवडलेल्यांना १, बाकी ०. पुढच्या स्तंभात एमएमयूएलटी लावून तक्ता गुणिले स्थिती. प्रत्येक घरासमोर "मी विचारतो त्यांतल्या कितींनी फरदड मोडली" हा आकडा येतो. आकडा २ किंवा जास्त, किंवा आधीच १ असेल तर नवी स्थिती १. दर फेरीला नवा स्तंभ घ्या. त्याच स्तंभात सूत्र फिरवलं तर एक्सेल वर्तुळाची तक्रार करतं. दोन फेऱ्यांत काहीच बदललं नाही की थांबायचं आणि एक किती झाले ते मोजायचं.

इथे हावरी पद्धत चालत नाही हे मात्र ध्यानात ठेवा. दोनाचा उंबरठा असला की एकटा माणूस कोणालाच हलवत नाही. पहिल्या निवडीत सगळ्यांचा फायदा शून्य, मग पहिला निवडणार कोणाला? ६३ टक्क्यांची हमीही जाते. म्हणून सुरुवात जोडीने करा. जोड्या १०,८७८ होतात. नेटवर्कएक्समध्ये चार ओळींचा लूप लावला की साधा लॅपटॉपही सगळ्या तपासतो. उत्तम दहा जोड्या ठेवा आणि प्रत्येकीत पुढचे तीन वाढवून बघा.

एक खाच: ज्या घराने गावातलं एकच नाव घेतलंय ते दोनाच्या उंबरठ्यावर कधीच हलणार नाही. अशी घरं किती ते आधी मोजा. जास्त असतील तर 'दोन' ऐवजी 'विचारतो त्यांतले निदान निम्मे' हा नियम लावूनही बघा. दोन्ही नियमांत जी नावं टिकतात ती पक्की.

धुरेकरी

भाऊ, वरचं सगळं बराबर हाये, पन एक जाळं राह्यलं: धुऱ्याचं (वावराच्या बांधाचं). पतंग काई सल्ला इचारत नाई, तो धुरा ओलांडते. तलाठ्याजवळचा गट नकाशा घ्या. हरेक गट नंबर एक बिंदू, अन् जिथं धुरा सामाईक असन तिथं रेघ. इथं बान नाई, रेघ दोन्हीकडून सारखी. मधात पांदण नाईतं नाला असला तरी रेघ ओढा, काहून का पतंगाले तेवढ्यानं काई होत नाई.

आता त्यात ओलिताची वावरं रंगवा. कोरडवाहू पऱ्हाटी जानेवारीत अशीच वाळते, तिची फरदड काय घेसान? फरदड राहते तं ओलितावर. म्हंजे तुमची खरी लढाई १४८ घरायची नसनच, इहीर-नाल्याच्या काठच्या तेवढ्याच घरायची असन. रंगवलेली वावरं एकमेकाले लागून कुठं-कुठं घोस करतेत ते पाहा, अन् त्या घोसातले धुरेकरी सल्ल्याच्या जाळ्यात कोनाले इचारतेत ते पाहा. तिथं ज्याइची नावं येतीन ते तुमचे पाच.

अन् बिंदूले नाव कोनाचं द्याचं? सातबाऱ्यावर नाव बापाचं, पेरते लेक, अन् लय वावरं तं ठेक्यानं नाईतं बटईनं तिसऱ्याच्याच हाती. फरदड ठेवाची का नाई हे पेरनारा ठरवते. ठेका गुढीपाडव्यापर्यंत असला तं तो डिसेंबरात वावर मोकळं काहून करन? त्याले दोन महिन्याचा कापूस दिसते. म्हनून गट नंबराले पेरनाऱ्याचा घर नंबर जोडा, मालकाचा वेगळ्या खान्यात ठेवा. पेरनारा बाजूच्या गावचा असला तरी सोडू नका. तुम्ही जे ८३ बान गावाबाहेरचे म्हनून बाजूले काढले, त्यातले काई त्याच गावात जात असतीन.

ते नऊ घरं बी पाहा. सल्ल्यात एकटे हायेत, पन एखाद्याचं वावर ओलिताच्या घोसाच्या बरोब्बर मधात निंगालं तं? त्याच्यापर्यंत जाळ्यातून काईच पोचनार नाई. तिथं सरळ त्याच्या घरी जा लागते.

कवडी_वेचणी

सगळ्यांनी घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलेलं दिसतंय. फुटलेल्या बोंडात अळीने खाल्लेली कवडी (किडका कापूस) सगळ्यात आधी दिसते ती वेचणाऱ्या बायांना, आणि त्या एका वावरात काम करत नाहीत. आठवडाभरात पाच-सात वावरं होतात. कोणाच्या वावरात कवडी वाढली याची खबर त्यांच्या टोळीत मालकाच्या आधी असते.

हे जाळं वेगळ्या पद्धतीने काढावं लागतं, कारण इथे बिंदू दोन प्रकारचे आहेत: एका बाजूला टोळी, दुसऱ्या बाजूला वावर, आणि रेघ फक्त या बाजूहून त्या बाजूला. "गेल्या पंधरवड्यात कोणाकोणाच्या वेचणीला गेलात?" एवढंच विचारायचं. ज्या टोळीच्या रेघा सगळ्यात जास्त ओलिताच्या वावरांना लागतात त्या टोळीतली एक बाई पाचांत घ्या. सापळ्यातले पतंग मोजण्यापेक्षा किडकी बोंडं मोजणं तिला सोपं जाईल, आणि फरदडीची वेचणी बंद झाली की मजुरी तिचीही बुडते, तेव्हा ती बाजू बैठकीत मांडली गेलीच पाहिजे. ती न मांडता गावाचं एकमत झालं असं समजू नका.

पांदण_रस्ता

सर्वांचे आभार. बिटवीननेसवाला माणूस तपासला: एका नावाचे दोघेच निघाले. गट नकाशा मागवतो. ठेक्याची वावरं यादीत नव्हतीच, ती घेतो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, व्हॉट्सअॅप ग्रुपचं काय? दोन, शेजारच्या आणखी गावांत हेच करायचं आहे, तिथे घरोघरी एवढी यादी करायला माणसं नाहीत. काही स्वस्त वाट?

आलेख_अमरावती

ग्रुपमधल्या सगळ्यांना एकमेकांशी जोडू नका. २०० जणांच्या ग्रुपच्या १९,९०० रेघा होतात. तुमचे ५२८ बाण त्यात बुडून जातील आणि ग्रुपमध्ये नसलेली म्हातारी मंडळी, ज्यांना खरोखर विचारलं जातं, ती तळाला जातील. वापरायचंच असेल तर ग्रुप हाही एक बिंदू धरा, वर टोळी-वावराचं सांगितलंय तसं. रेघाच हव्या असतील तर n जणांच्या ग्रुपमधल्या प्रत्येक रेघेला १/(n−१) वजन द्या. मग दहाजणी असलेल्या बचत गटाच्या ग्रुपमधली रेघ दोनशेच्या ग्रुपमधल्या रेघेपेक्षा बावीस पट जड होते, आणि ते वास्तवाला धरून आहे. माझं मत विचाराल तर नकोच. ग्रुपवर टाकलेलं वाचलं गेलं एवढंच कळतं, कोण कोणाचं ऐकतं ते नाही.

स्वस्त वाटा दोन आहेत.

पहिली: गावालाच विचारा. बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या गावांत हे करून पाहिलं. लोकांना एवढंच विचारलं की एखादी बातमी गावभर पोचवायची तर कोणाला सांगावं. ज्यांची नावं आली त्यांच्यामार्फत खबर सोडली तर ती कोणालाही उचलून सांगण्यापेक्षा, आणि गावातल्या मानकऱ्यांना सांगण्यापेक्षाही, जास्त लोकांपर्यंत गेली (२०१९). जाळं डोळ्यांनी न बघताही लोकांना हे नीट ठाऊक असतं. दहा-पंधरा घरं चिठ्ठ्या टाकून निवडा, प्रश्न विचारा, आणि निदान तीनदा आलेली नावं ठेवा. घरं चिठ्ठीनेच निवडा; पानठेल्यावर बसलेल्या दहांना विचाराल तर पानठेल्याचंच जाळं मिळेल.

दुसरी: चिठ्ठीने आलेल्या घराला नेऊ नका, त्याने ज्याचं नाव घेतलं त्याला न्या. स्कॉट फेल्डने १९९१ मध्ये दाखवलं की सरासरीने माणसाच्या मित्रांना त्याच्यापेक्षा जास्त मित्र असतात. मधे एक घर आणि त्याला जोडलेली चार, अशी पाच घरं घ्या. दर घरामागे जोडण्या ८ ÷ ५ = १.६. आता प्रत्येकाच्या जोडीदाराच्या जोडण्या बघा: चौघांना दिसतात चार, मधल्याला दिसते एक; (४ × ४ + १) ÷ ५ = ३.४. लस मोजकीच असेल तर ती कोणाला द्यावी, यासाठी कोहेन, हाव्हलिन आणि बेन-अव्राहम यांनी २००३ मध्ये हीच युक्ती सुचवली.

मात्र दोन्ही वाटा माहितीसाठी आहेत. त्या तुम्हाला बोलकी माणसं देतात, एकमेकांच्या गोटातली माणसं देत नाहीत. फरदडीसाठी आलेल्या नावांतून "यातले कोण एकाच बाजूचे?" एवढं तरी कोणाला तरी विचारून जोड्या लावाव्याच लागतील.

शिरोबिंदू_अकोला

गोट काढायला गेफीतलं 'मॉड्युलॅरिटी' (लुव्हेन पद्धत, २००८) वापराल, तर एकदा चालवून विश्वास ठेवू नका. दर वेळी सुरुवात वेगळी होते, म्हणून सीमेवरची घरं कधी या रंगात, कधी त्या रंगात जातात. बऱ्याच वेळा चालवा आणि नेहमी एकत्र येणारी घरंच एका गोटातली धरा. गोट मोहल्ल्यांशी किंवा जातीशी तंतोतंत जुळत असतील तर ते कागदावर स्वतःपुरतं ठेवा.

ग्रामसभेत हे चित्र पडद्यावर दाखवू नका. "याला कोणीच विचारत नाही" हे नऊ घरांना गावासमोर कळायची गरज नाही, आणि ज्याचा गोळा लहान आला तो उद्यापासून तुमच्या कामाच्या विरुद्ध. पडद्यावर गट नकाशा दाखवा, ओलिताची वावरं रंगवलेली. तिथे भांडण झालं तर निदान धुऱ्यावरून होईल.

पांदण_रस्ता

एमएमयूएलटी लावला, पण सगळीकडे #व्हॅल्यू येतंय. एका प्रतीत आलं तर दोन फेऱ्यांतच जवळजवळ सगळं गाव १ झालं. इतकं सोपं असेल असं वाटत नाही.

आलेख_अमरावती

#व्हॅल्यू म्हणजे तक्त्यात कुठेतरी रिकामा चौकोन किंवा मजकूर आहे. सगळा तक्ता निवडून 'गो टू स्पेशल', मग 'ब्लँक्स', शून्य टाइप करून कंट्रोल-एंटर. देवनागरी आकडे टाइप केले असतील तर एक्सेल त्यांना अक्षरं समजू शकतं. इंग्रजी आकडे भरा. जुनं एक्सेल असेल तर उत्तराचे १४८ चौकोन आधी निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं.

दुसरी प्रत बहुतेक आडवी-उभी उलटी झालीय. ओळींची बेरीज घ्या. एकाही ओळीची पाचाच्या वर जायला नको. कुठे ६४ दिसले तर ती केंद्रवाल्याची ओळ आहे, म्हणजे "मी कोणाला विचारतो" ऐवजी "मला कोण विचारतं" मोजलं जातंय, आणि त्या ६४ पैकी कोणीही दोघांनी फरदड मोडली की तोही मोडतो असा हिशेब चाललाय. तक्ता ट्रान्सपोज करून पुन्हा चालवा.

पांदण_रस्ता

ओळीची बेरीज ६४ च आहे. ट्रान्सपोज करतो.